वॉर्डात बोलावं लागतं

तुझा प्रश्न थोडक्यात असा: फार्म.डी. झालंय, ब्रिटनला येऊन हॉस्पिटल फार्मासिस्ट व्हायचंय. तिथे मेडिकल आणि फार्मसीची मुलं वॉर्डात एकत्र शिकतात म्हणे, आपला त्यात निभाव लागेल का? ताई म्हणालास, म्हणून मीही सरळ 'तू'च म्हणते.

औषधांच्या माहितीत तू कुठे कमी पडणार नाहीस. अडशील तो बोलताना.

आधी वाट सांगते. परदेशातल्या फार्मासिस्टसाठी ओस्पॅप हा एक वर्षाचा कोर्स, मग 52 आठवड्यांचं फाउंडेशन ट्रेनिंग आणि जीपीएचसीची, म्हणजे इथल्या फार्मासिस्टची नोंदणी करणाऱ्या संस्थेची, नोंदणी परीक्षा. इथे एमफार्म (ब्रिटनमधली फार्मसीची मूळ पदवी) करणाऱ्यांच्या बाबतीत 2026 पासून नियम बदललाय. नोंदणी झाली की त्यांना औषधं लिहून देण्याचाही अधिकार मिळतो. तुझ्या ओस्पॅपच्या बॅचला हे लागू आहे का, ते अर्ज भरण्याआधी युनिव्हर्सिटीकडून लेखी घे. पेनच हातात येणार म्हटल्यावर डॉक्टरांच्या जोडीने शिकणं आता कुणाला हौसेची गोष्ट वाटत नाही.

एका हॉलमध्ये दोन्हीकडची पोरं बसवून लेक्चर दिलं की झालं एकत्र शिक्षण, असं समजणारे इथेही आहेत. तिथे मेडिकलची पोरं पुढे बसतात, फार्मसीची मागे, आणि मधल्या सुट्टीत दोन्ही गट वेगळे होतात. केप ही ब्रिटिश संस्था 1987 पासून याच विषयावर काम करते. तिच्या व्याख्येत एकमेकांसोबत, एकमेकांकडून आणि एकमेकांविषयी शिकणं येतं. त्यातलं 'विषयी' बहुतेकांच्या हातून निसटतं.

मी ट्रेनिंग बघते त्या वॉर्डात आम्ही दोन मेडिकलचे आणि एक फार्मसीचा असे तिघं एका पेशंटपाशी बसवतो. मागे एक आजी होत्या, लघवीच्या इन्फेक्शनने आलेल्या. मेडिकलच्या मुलीने ट्रायमेथोप्रिम हे अँटिबायोटिक सुचवलं. जीपीच्या, म्हणजे फॅमिली डॉक्टरच्या, यादीत अडचणीचं काहीच नव्हतं. फार्मसीच्या मुलाने विचारलं, "आठवड्यातून एकदाच घ्यायचं काही आहे का? हॉस्पिटलमधून मिळणारं?" आजींनी पर्समधून पिवळ्या गोळ्यांची बाटली काढली. मेथोट्रेक्सेट! हॉस्पिटलकडून परस्पर मिळणारं औषध जीपीच्या यादीत असेलच असं नाही. आणि ही दोन्ही औषधं फोलेट या जीवनसत्त्वाच्याच वाटेत आडवी येतात, एकत्र दिली तर अस्थिमज्जा धोक्यात. ती मुलगी हा प्रश्न आता जन्मात विसरणार नाही.

पण त्याच सकाळी त्या मुलाने पाच मिनिटं आजींना औषधांबद्दल समजावलं आणि आजी नुसत्या मान हलवत राहिल्या. मेडिकलच्या मुलीने उशीजवळचं श्रवणयंत्र उचलून त्यांच्या कानात बसवलं, खुर्ची ओढून समोर बसली आणि म्हणाली, "आता पुन्हा सांग." दुपारी तिघांनी मिळून त्यांचा टीटीओ लिहिला, म्हणजे घरी जाताना द्यायच्या औषधांची चिठ्ठी. नवा डॉक्टर पहिल्या दिवसापासून हेच लिहितो आणि फार्मासिस्ट तेच तपासतो. सोबत लिहिलं की समोरच्याचं काम कुठे अडतं ते कळतं.

आता माझं ऐक. आपल्याकडे राउंडला मी मागे वही घेऊन उभी असायचे. विचारलं तरच बोलायचं. तीच सवय घेऊन इथे आले. पहिल्याच महिन्यात किडनीचा त्रास असलेल्या एका पेशंटला जेंटामायसिन हे अँटिबायोटिक जास्त लिहिलेलं दिसलं. मी चार्टवर व्यवस्थित नोट लिहिली आणि निघून आले. नोट अचूक होती, फक्त ती कुणी वाचली नाही. रात्रीचा डोस दिला गेला, सकाळी औषधाची रक्तातली लेव्हल वर. पेशंट सावरला, पण त्या दिवशी सीनियरने मला एकच प्रश्न विचारला: "फोन का नाही केलास?" उत्तर नव्हतं माझ्याकडे. खरं सांगायचं तर डॉक्टरला पहिल्या नावाने हाक मारायला माझी जीभ रेटत नव्हती.

म्हणून निघण्याआधी बीएनएफ हे इथलं औषधांचं संदर्भपुस्तक चाळ, पण त्याहून जास्त एसबार ही निरोप सांगायची चार पायऱ्यांची पद्धत घोटून ठेव: काय घडलंय, मागचं काय, मला काय वाटतं, काय करावं. शेवटचं वाक्य गिळायचं नाही. "डोस जास्त वाटतोय" एवढ्यावर थांबशील तर डॉक्टर "बघतो" म्हणेल. "आजचा डोस थांबवूया, लेव्हल बघून पुढचं ठरवू" म्हणालास तर तिथल्या तिथे निर्णय होतो. आरशासमोर इंग्रजीत मोठ्याने म्हण, हसू आलं तरी.

फाउंडेशनच्या जागांसाठी ओरिएल या ऑनलाइन अर्जाच्या पोर्टलवर पसंतीक्रम भरावा लागतो. त्याआधी हॉस्पिटलला मेल टाकून विचार की फार्मसीचा ट्रेनी मेडिकलच्या विद्यार्थ्यासोबत एकाच पेशंटपाशी किती वेळा बसतो. "वर्षातून एक सिम्युलेशन डे असतो", म्हणजे खोट्या प्रसंगावर एक दिवस सराव, असं उत्तर आलं, तर ती जागा यादीत खाली ढकल.