लहान शिडाच्या जहाजावरील क्रूझ निवडताना काय पाहावे?

आपल्या प्रश्नाचा आशय असा आहे की, हजारो प्रवाशांच्या अवाढव्य क्रूझऐवजी साठीच्या आसपासच्या आपणा पती-पत्नींना एखाद्या लहान शिडाच्या जहाजावर सात-आठ दिवस घालवायचे आहेत, दोघांनाही पोहता येत नाही, आहार शाकाहारी आहे आणि जाहिराती पाहून निवड करणे अवघड झाले आहे. मी ग्रीसच्या बेटांमध्ये चार डोलकाठ्यांच्या जहाजावर आणि तुर्कस्तानच्या किनाऱ्याने गुलेत या तिथल्या पारंपरिक लाकडी नौकेवर प्रवास केला आहे, त्या आधारे लिहीत आहे.

माझ्या मते जहाज शेवटी निवडावे. मार्ग आणि महिना आधी ठरवावा. जाहिरातीत सर्वच जहाजांची शिडे फुगलेली दिसतात, परंतु ती प्रत्यक्षात किती वेळ उघडली जातात हे वाऱ्यावर आणि वेळापत्रकावर अवलंबून असते. साध्या वाऱ्यात असे जहाज ताशी सहा ते आठ सागरी मैल जाते. रात्री दहाला निघून सकाळी आठला शंभर मैलांवरचे बंदर गाठायचे असेल, तर कप्तान कितीही हौशी असला तरी इंजिन चालू करावेच लागणार. म्हणून कार्यक्रमपत्रिका हाती आली की दोन मुक्कामांमधले अंतर नकाशावर मोजावे आणि ज्या सहलीत मुक्काम जवळजवळ आहेत किंवा एखादा पूर्ण दिवस समुद्रावर आहे, तिला झुकते माप द्यावे.

वाऱ्याच्या दृष्टीने कॅरिबियन समुद्रातील दक्षिणेकडची बेटे फार अनुकूल आहेत. ती साधारण उत्तर-दक्षिण रांगेत आहेत आणि हिवाळ्यात, म्हणजे डिसेंबर ते एप्रिल, व्यापारी वारे पूर्वेकडून वाहतात. त्यामुळे एका बेटावरून दुसऱ्याकडे जाताना वारा आडवा मिळतो आणि शिडे खऱ्या अर्थाने कामाला लागतात. ग्रीसच्या एजियन समुद्रात जुलै-ऑगस्टमध्ये मेल्तेमी हा उत्तरेचा जोरदार वारा सुटतो. अनुभवी मंडळींना तो आवडतो, पण त्या दिवसांत ठरलेले बेट वगळून भलत्याच आडोशाला नांगर टाकण्याची वेळ येऊ शकते. आपण सप्टेंबर धरावा. पाणी उबदार असते आणि वाऱ्याचा जोरही ओसरू लागलेला असतो.

आता जहाजांकडे वळू. स्टार क्लिपर्स या कंपनीची स्टार फ्लायर (1991) आणि स्टार क्लिपर (1992) ही चार डोलकाठ्यांची, प्रत्येकी 16 शिडांची आणि सुमारे 170 प्रवाशांची जहाजे आहेत; त्यांच्याच रॉयल क्लिपरला (2000) पाच डोलकाठ्या आणि 42 शिडे आहेत. विंडस्टार या कंपनीच्या शिडाच्या जहाजांवर शिडे संगणकाच्या साहाय्याने उलगडतात; तिथे भर सुखसोयींवर आहे आणि दोरखंडांची गंमत कमी. याउलट 1931 साली जर्मनीत कील येथे बांधलेल्या सी क्लाउडवर खलाशी आजही डोलकाठ्यांवर चढून हातांनी शिडे सोडतात. प्रवासी अवघे 64 असल्याने त्याचे दर ऐकून बहुतेकांचा विचार तिथेच संपतो. तुर्कस्तानातील फेथिये ते देम्रे अशी तीन रात्रींची गुलेतची सहल त्या मानाने खिशाला परवडते, परंतु ती शिडाची सहल समजून करू नये. माझ्या गुलेतवर शीड एका दुपारी उघडले, सर्वांची छायाचित्रे काढून झाली आणि पुन्हा इंजिन सुरू झाले. सकाळी खाडीतल्या स्वच्छ पाण्यात डुंबणे आणि केकोवा बेटाजवळ पाण्यात बुडालेल्या प्राचीन वस्तीच्या भिंती पाहणे हेच तिथले खरे आकर्षण, आणि त्यातला पोहण्याचा भाग आपल्या उपयोगाचा नाही.

आपल्या वयाचा विचार करता ज्या गोष्टीची सर्वांत कसून चौकशी करावी, ती म्हणजे जहाजातून किनाऱ्यावर उतरण्याची सोय. ही जहाजे बहुधा बंदराबाहेर नांगर टाकतात आणि छोट्या होडीने लोकांना नेतात. जहाजाच्या अंगाला लावलेल्या शिडीने खाली जावे लागते. समोर होडी लाटेबरोबर हात-दीड हात वर-खाली होत असते. दोन खलाशी मनगट नव्हे, तर कोपराखालचा हात घट्ट धरतात आणि होडी वर आली की ‘आता’ म्हणतात; त्याच क्षणी पाऊल टाकायचे, विचार करत थांबायचे नाही. काही ठिकाणी होडी थेट वाळूला लागते आणि गुडघाभर पाण्यात उतरावे लागते. स्टार क्लिपर्सच्या जहाजांवर लिफ्ट नाही, हेही ध्यानात ठेवावे. गुडघे कुरकुरत असतील तर हाच मुद्दा निर्णायक ठरावा. पोहता न येणे मात्र अडचणीचे नाही. होडीत लाइफ जॅकेट मिळते.

समुद्र लागण्याची भीती असेल, तर पावसाळ्यानंतर गेटवेहून मांडव्याला लाँचने एकदा जाऊन यावे, अंदाज येतो. शिडांवर चालणारे जहाज एका अंगाला कलते आणि तसेच राहते, कारण वाऱ्याचा दाब त्याचे डोलणे आवरतो. शिडे गुंडाळून इंजिनावर जाताना बाजूची लाट अधिक त्रास देते. केबिन मधल्या भागातली आणि शक्य तितकी खालच्या मजल्यावरची घ्यावी. पुढच्या केबिनमध्ये पहाटे नांगराच्या साखळीचा खडखडाट झोप मोडतो, तर मागच्या केबिनमध्ये इंजिनाची घरघर ऐकू येते. गोळी कोणती घ्यावी, हे आपल्या डॉक्टरांना विचारावे.

जेवणाचे फारसे मनावर घेऊ नये. बुकिंग करतानाच लेखी कळवले की शाकाहारी पदार्थ मिळतात. कांदा-लसूण वर्ज्य असल्यास मात्र लहान जहाजाच्या स्वयंपाकघराकडून अपेक्षा ठेवू नये.

आपला पासपोर्ट भारतीय असल्यास पैसे भरण्यापूर्वी व्हिसाचा हिशेब मांडावा. ग्रीसहून निघालेले जहाज काही सहलींत मध्येच तुर्कस्तानच्या बंदरात जाते. ग्रीस शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे, तुर्कस्तान नाही. परत ग्रीसमध्ये येणे म्हणजे दुसरा प्रवेश. क्रोएशिया 2023 पासून शेंगेनमध्ये आहे, पण शेजारचा माँटेनेग्रो नाही, त्यामुळे दुब्रोवनिकहून कोतोरला जाऊन येणाऱ्या सहलींनाही हेच लागू आहे. अर्जात अनेक प्रवेशांचा व्हिसा मागावा आणि सोबत जहाजाची कार्यक्रमपत्रिका जोडावी.