वनहक्काचा दावा अर्धा कापलाय, आता काय करायचं?

गोव्यातल्या सांगे तालुक्यातल्या एका वेळीप जमातीच्या बांधवाचा प्रश्न आलाय. वडलांनी वनहक्क कायद्याखाली दावा घातलेला, घर आणि वरची डोंगरावरची काजूची बाग मिळून. आजोबा तिथं पूर्वी कुमेरी, म्हणजे जंगल तोडून-जाळून केलेली फिरती शेती, करायचे. ग्रामसभेनं ठराव पास केला, फाईल वर गेली आणि वर्षानुवर्षं तिथंच पडून राहिली, मधे वडील वारले. आता उपविभागीय समितीच्या ऑफिसातून तोंडी सांगतात, घराचं होईल पण बागेचं नाही, कारण सॅटेलाइटच्या फोटोत तिथं नुसतं जंगल दिसतं, आणि शिवाय पंच्याहत्तर वर्षांचा पुरावा आणा. ह्यांचा प्रश्न असा, की भारतानं संयुक्त राष्ट्रात आदिवासींच्या हक्कांना मत दिलंय ना, मग त्यावरच केस घालू का?

नका घालू. म्हणजे मत दिलंय हे खरंय, 13 सप्टेंबर 2007 ला जाहीरनामा आला तेव्हा भारत बाजूनं होता, पण त्याच वेळी आपल्या सरकारनं म्हणून ठेवलंय की भारतातले सगळेच लोक इथले मूळनिवासी, म्हणजे एका हातानं दिलं नि दुसऱ्यानं काढून घेतलं. आणि जाहीरनामा हा करार नव्हे. बंधनकारक असं जे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचं 1989 चं 169 नंबरचं कन्व्हेन्शन आहे त्यावर भारतानं अजून सही केलेली नाही, आपण अजून 1957 च्या जुन्या 107 नंबरवरच आहोत. हायकोर्टात रिट करायची वेळ आलीच तर पिटिशनमधे एक परिच्छेद टाकू, पण डेप्युटी कलेक्टरच्या टेबलावर त्याला वजन नाही. कोणीतरी तुम्हाला पेसाचंही, म्हणजे आदिवासी क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याचंही सांगेल, तेही सोडा, गोव्यात संविधानाच्या पाचव्या अनुसूचीचं क्षेत्रच नाही त्यामुळे तो कायदा इथं लागूच होत नाही.

तुमचं हत्यार म्हणजे 2006 चा वनहक्क कायदा आणि त्याचे नियम, जे 2012 मधे सुधारले. त्यात तुमच्या कामाचं भरपूर आहे.

पंच्याहत्तर वर्षांचं घ्या. ही अट तुम्हाला नाहीच! ती 'इतर पारंपरिक वननिवासी' लोकांना, म्हणजे आपल्याकडे धनगर बांधवांना लागते कारण त्यांना अजून एसटीचा दर्जा मिळालेला नाही. गावडा, कुणबी आणि वेळीप हे 2003 पासून अनुसूचित जमातीत आहेत, तुम्हाला एवढंच दाखवायचंय की 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून जमीन तुमच्या कुटुंबाच्या ताब्यात होती. कास्ट सर्टिफिकेट फाईलला लावलंय का ते आधी बघा, बऱ्याच फाइलींत तेच नसतं आणि मग क्लार्क सगळ्यांना एकाच माळेत ओवतो.

आता सॅटेलाइट. वरून बघितलं तर जुनी काजूची बाग नि जंगल दोन्ही हिरवंच दिसणार, त्यात नवल काय. नियम 12अ मधे स्पष्ट आहे की अमुकच एक पुरावा आणा असा हट्ट धरता येत नाही आणि सॅटेलाइटचा फोटो हा बाकीच्या पुराव्यांना जोड म्हणून, त्यांच्या जागी नाही. नियम 13 प्रमाणे दगडाचे बांध, सपाट केलेली जमीन, झोपडी हे सगळं पुरावा धरलं जातं, आणि गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबसुद्धा, फक्त तो माणूस स्वतः दावेदार नको. एकापेक्षा जास्त पुरावे लागतात. तुम्ही लिहिलंय की बागेच्या खालच्या अंगाला आजोबांनी रचलेला गडगा, म्हणजे दगडी कुंपण, अजून उभा आहे आणि शेजारच्या वाड्यावरच्या आजीला त्याचं सगळं आठवतं. मग तारीख घालून गडग्याचे फोटो काढा, नि आजीचा जबाब ह्याच आठवड्यात घ्या, अंगठा घेऊन, गावच्या वन हक्क समितीच्या दोघांच्या सह्यांसकट. उद्या-परवा करत बसू नका.

तोंडी उत्तर घेऊन घरी येऊ नका. दावा कापायचा तर सविस्तर कारणं द्यावी लागतात आणि तो निर्णय तुम्हाला प्रत्यक्ष कळवावा लागतो. आणि ठराव अपुरा वाटला तर समितीनं तो फेरविचाराला परत ग्रामसभेकडे पाठवायचा, स्वतः कात्री चालवायची नाही. लेखी मागा, अर्जावर पोच शिक्का घ्या, नाही दिलं तर आरटीआय. निर्णयापासून साठ दिवसांत जिल्हास्तरीय समितीकडे अर्ज करायचा असतो, आणखी तीस दिवस मिळू शकतात पण ते त्यांच्या मर्जीवर. जिल्हा समितीनंही नाकारलं तर मग मुंबई हायकोर्टाचं गोवा खंडपीठ आहेच.

वडील वारले म्हणून दावा संपत नाही, हा हक्क वारसांकडे जातो. विकता मात्र येणार नाही हं, हे आत्ताच भावांना सांगून ठेवा. वारसांची नावं लावायचा अर्ज द्या, आणि लग्न झालंय तर बायकोचं नाव बरोबरीनं टाका, कायद्यात पट्टा नवराबायको दोघांच्या नावावर असतो.

फॉरेस्टवाले बागेत येऊन निघा म्हणाले तर कलम 4(5) दाखवा, पडताळणीची प्रक्रिया पूर्ण होईपर्यंत ताब्यातल्या जमिनीवरून काढता येत नाही. आणि म्हादई व्याघ्र प्रकल्पाची जी भीती घालतात, त्यात हायकोर्टानं 24 जुलै 2023 च्या निकालातच वननिवासींचे दावे बारा महिन्यांत निकाली काढा म्हणून सांगितलं होतं. बारा महिने कधीच उलटले, हे वाक्य तुमच्या अर्जात पहिल्याच पानावर घाला.