आर१० की आर५०? आधी लेन्सचं बघा

प्रश्न : माझ्याकडे कॅननचा जुना डीएसएलआर, १८-५५ किट लेन्स, ५० एमएम एफ/१.८ आणि एक फ्लॅश आहे. मुलगी बॅडमिंटन खेळते, सामने बंद हॉलमध्ये असतात. आता कॅननचाच मिररलेस (आत आरसा नसलेला कॅमेरा) घ्यायचाय. आर५० हलका वाटतो, आर१० थोडा महाग. मित्र म्हणतो, कॅनन मिररलेसमध्ये लेन्सची बोंब आहे. खरं आहे का?

उत्तर : बऱ्याच अंशी खरं आहे. आरएफ माउंट, म्हणजे कॅनन मिररलेसवर लेन्स बसवायची जोडणी, २०१८ मध्ये आला आणि कॅननने तो बाहेरच्या कंपन्यांना बराच काळ बंद ठेवला. २०२२ मध्ये व्हिलट्रॉक्स या लेन्स कंपनीला ऑटोफोकसच्या आरएफ लेन्स विकणं थांबवावं लागलं. २०२४ मध्ये सिग्मा, टॅमरॉन या लेन्स कंपन्यांना दार उघडलं, पण फक्त एपीएस-सी, म्हणजे आर१०-आर५० सारख्या छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यांच्या लेन्सपुरतं. मला हे धोरण मुळीच पटत नाही. पैसे आपले, मग लेन्स कोणाची लावायची हेही आपणच ठरवावं.

तुमची खरी अडचण किट लेन्सची आहे. सोबत येणारी १८-४५ पूर्ण झूम केली की एफ/६.३ वर येते; हा आकडा जितका मोठा, तितका प्रकाश कमी. एफ/२.८ च्या तुलनेत तो प्रकाश जेमतेम पाचवा हिस्सा. म्हणजे एफ/२.८ वर जिथे आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) २५०० पुरतो, तिथे त्याच शटर स्पीडला १२८०० लागेल. स्मॅशच्या फोटोत शटल आणि चेहऱ्यावर ग्रेन, म्हणजे दाणेदारपणा, स्पष्ट दिसेल. म्हणून निव्वळ बॉडी घ्या, सोबत डीएसएलआरच्या जुन्या ईएफ लेन्स नव्या बॉडीवर बसवणारा ईएफ-ईओएस आर अ‍ॅडॉप्टर. त्यात काच नसते, त्यामुळे चित्राची प्रत घटत नाही आणि तुमची ५० एमएम ऑटोफोकससकट चालते. पुढे सेकंडहँड ईएफ ८५ एमएम एफ/१.८ मिळाली तर कोर्टाच्या कडेवरून उत्तम काम होईल.

या दोन्ही बॉडींत इन-बॉडी स्टॅबिलायझेशन, म्हणजे हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारी सोय, नाही. त्याची चिंता करू नका, धावणारी मुलगी त्याने थांबत नाही. चिंता करावी ती इलेक्ट्रॉनिक शटरची. सेन्सर ओळीओळीने वाचला जातो, त्यामुळे जोरात फिरणारी रॅकेट वाकडी येते आणि हॉलमधल्या एलईडी दिव्यांचे पट्टे उमटतात. आर५० ला नसलेलं पूर्ण मेकॅनिकल शटर (खरा पडदा उघडझाप करणारं) आर१० ला आहे आणि तो सेकंदाला १५ फ्रेमपर्यंत जातो. आर५० चा बफर (फोटो कार्डावर जाण्याआधीची तात्पुरती मेमरी) रॉ या मोठ्या फाइल्समध्ये पटकन भरतो, नेमका रॅली रंगात आली की कॅमेरा अडकतो. बॅटरी दोन्हींत छोटी, एक जास्तीची जवळ ठेवाच.

फ्लॅशचा मुद्दा दुकानदार सहसा सांगत नाही. आर५० च्या हॉट शूवर (फ्लॅश बसवायची वरची खाच) जुने फ्लॅश थेट चालत नाहीत, एडी-ई१ अ‍ॅडॉप्टर वेगळा घ्यावा लागतो. आर१० वर तुमचा फ्लॅश सरळ बसेल.

दुरुस्तीबाबत एवढंच, की अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या आणि वॉरंटी तुमच्या देशात लागू आहे हे लेखी घ्या. सिग्मा-टॅमरॉनच्या लेन्सचा फर्मवेअर अपडेट आणि दुरुस्ती त्या-त्या कंपनीकडूनच होते, कॅननचं केंद्र त्यात पडत नाही.

तुमच्या जागी मी असतो तर आर१० बॉडी आणि अ‍ॅडॉप्टर एवढंच आत्ता घेतलं असतं.