चिनी राशीप्रमाणे २०२६ वाईट आहे, कॅनडा पीआरचा (कायम वास्तव्याचा) अर्ज पुढच्या वर्षी टाकावा का?

नका थांबू. तुमच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे. पण प्रश्न वाचला आणि काल रात्री मला झोप लागली नाही, म्हणून सगळं लिहितेय.

तुम्ही लिहिलंय की जन्म नोव्हेंबर १९९६, म्हणजे उंदीर, २०२६ हे घोड्याचं वर्ष, उंदीर आणि घोडा समोरासमोर, म्हणून हाँगकाँगचा मित्र म्हणतो यंदा मोठ्या कागदावर सही करू नकोस, २०२७ उजाडू दे. आयईएलटीएस, म्हणजे इंग्रजीची परीक्षा, ऑक्टोबरमध्ये झालंय, ईसीए, म्हणजे डिग्रीची कॅनडासाठीची तपासणी, झालंय, बायको जुलै १९९८ची, तिचंही आयईएलटीएस झालंय, आणि एक्सप्रेस एंट्रीची प्रोफाइल तुमच्या नावाने टाकायची आहे. ही आमचीच गोष्ट आहे हो, फक्त प्राणी बदललेत.

२०१७ साल. आम्ही सिंगापूरला, जुरोंग वेस्टला एचडीबीच्या, म्हणजे तिथल्या सरकारी वसाहतीतल्या, भाड्याच्या फ्लॅटमध्ये. नवरा ईपीवर, म्हणजे नोकरीच्या परवान्यावर, मी डिपेंडंट पासवर, म्हणजे घरी. माझं एमएस्सी केमिस्ट्री, लग्नाआधी पुण्यात फार्मा कंपनीत क्यूसीला (क्वालिटी कंट्रोलला) दोन वर्षं काढलेली. शेजारी एक चिनी आंटी राहायची, सत्तरीची, एकटी. माझ्या मुलीवर तिचा फार जीव, चिनी नववर्षाला संत्र्यांची जोडी आणि लाल पाकीट न चुकता. तिच्या स्वयंपाकघरात रोज एक पान फाडायचं कॅलेंडर होतं, कांद्याच्या सालीसारखा पातळ कागद, मधे मोठा आकडा, खाली दोन रकाने, आज काय करावं आणि आज काय टाळावं. लग्न, घर बदलणं, केस कापणं, करार, प्रवास, सगळं त्यात. आणि कोपऱ्यात आजचा दिवस कोणत्या प्राण्याशी ‘चोंग’, म्हणजे कोणाच्या विरोधात, ते. आपल्या पंचांगासारखंच, मला त्यात काही परकं वाटलं नाही. त्यांचा सातवा महिना भुतांचा, तेव्हा नवीन काही सुरू करत नाहीत, आपला पितृपक्ष तसाच.

माझ्या नवऱ्याने लग्नात पत्रिका बघायची नाही म्हणून स्वतःच्या आईशी पंधरा दिवस अबोला धरला होता. तोच माणूस आंटीच्या कॅलेंडरला मात्र मानायला लागला. का, ते मला कळतं. सिंगापूरच्या पीआरचा अर्ज दोनदा परत आला होता, आणि तिथे कटऑफ नाही, मार्क नाहीत, नकाराचं कारण कळत नाही. अशा वेळी माणूस कशाला तरी धरतो. मी त्याला त्यासाठी कधीच नावं ठेवली नाहीत. माझं भांडण वेगळं आहे, ते पुढे येतंय.

कॅनडाची सगळी कागदपत्रं एप्रिल २०१७ला तयार होती. नवरा १९८७चा, म्हणजे ससा. २०१७ कोंबड्याचं. आंटीने बोटं मोजली आणि मान हलवली, ससा-कोंबडा चोंग, ह्या वर्षी नको. पुढचं वर्ष कुत्र्याचं, ससा आणि कुत्रा म्हणजे ‘लिऊ-हे’, सहा जोड्यांमधली एक जोडी, तेव्हा कर, सगळं सरळ होईल. तरी नवऱ्याचं समाधान होईना म्हणून तिने आम्हाला वॉटरलू स्ट्रीटच्या क्वान इम देवीच्या देवळात नेलं. ज्यांनी बघितलं नसेल त्यांना सांगते, गुडघ्यावर बसायचं, बांबूच्या काड्यांचं नळकांडं तिरकं धरून हलवत राहायचं, एक काडी आपणहून बाहेर पडेपर्यंत. मग दोन लाल ठोकळे जमिनीवर टाकायचे, एक सपाट बाजूने आणि एक फुगीर बाजूने पडला तरच ती काडी तुमची. ठोकळ्यांचा तो टक् असा आवाज माझ्या अजून कानात आहे. नवऱ्याचे दोनदा उलटे पडले, तिसऱ्यांदा जमलं, चिठ्ठीचा अर्थ आंटीने सांगितला की घाई नको. शेजारीच कृष्णाचं देऊळ आहे, चिनी लोक तिथेही उदबत्त्या घेऊन उभे असतात. मी तिथे जाऊन हात जोडले आणि म्हटलं ह्याला अर्ज टाकायची बुद्धी दे.

नाही टाकला. कॅनडाच्या पद्धतीत वय, शिक्षण, भाषा, अनुभव ह्यांच्या मार्कांचा स्कोअर होतो, प्रोफाइल टाकली की तुम्ही पूलमध्ये, आणि ड्रॉ निघाला की कटऑफ गाठणाऱ्यांना अर्जाचं इन्व्हिटेशन येतं. त्याचा स्कोअर तेव्हा ४१५ होता, वय २९. ३१ मे २०१७च्या ड्रॉमध्ये कटऑफ ४१३ लागला, सगळ्या प्रोग्रॅमच्या ड्रॉमधला तोपर्यंतचा सगळ्यात कमी. एक जूनला सकाळी मुलीच्या डब्याची पोळी तव्यावर होती आणि मी फोनवर तो आकडा बघितला. पोळी जळाली. आंटीने दिलेलं कॅलेंडरचं एक जुनं पान फ्रिजवर लावलेलं होतं, त्याच्या मागे मी पेनाने ४१३ लिहून ठेवलं. प्रोफाइल पूलमध्ये असती तर त्या दिवशी आमचं नाव लागलं असतं. नोव्हेंबरला त्याला तीस पूर्ण झाली, ४१५चे ४१० झाले. २०१८च्या फेब्रुवारीत कुत्र्याचं वर्ष लागलं, आंटीने सांगितलेल्या दिवशी, सांगितलेल्या तासाला त्याने प्रोफाइल टाकली, आणि कटऑफ ४४०च्या खाली यायलाच तयार नाही. मार्च गेला, एप्रिल गेला, मे गेला.

जूनमध्ये एका दुपारी मुलगी झोपलेली असताना मी स्कोअरचा कॅल्क्युलेटर उघडला आणि सहज मुख्य अर्जदार म्हणून स्वतःला टाकून बघितलं. त्या दिवसापर्यंत हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. एजंटनेही पहिल्या दिवशी फक्त ह्याचा बायोडेटा मागितला होता. माझं आयईएलटीएस चारही भागांत सीएलबी ९ (कॅनडाची भाषेची पातळी मोजायची पट्टी), नवरा रायटिंगला ६.५वर अडकलेला, म्हणजे ८. ह्या एका फरकाने शिक्षण आणि अनुभवाचे जोडमार्क माझे दुप्पट धरले जात होते. माझी दोनच वर्षांची नोकरी धरूनसुद्धा माझ्या नावावर ४४५ आले. मी तीनदा मोजले. नवरा संध्याकाळी आला तेव्हा कागद समोर ठेवला, तो बराच वेळ काही बोललाच नाही, मग म्हणाला, कर.

माझ्या नावाने प्रोफाइल गेली, जुलै २०१८च्या ड्रॉला इन्व्हिटेशन आलं. सप्टेंबरमध्ये मला तीस लागणार होती, म्हणजे पाच मार्क जाऊन बरोबर काठावर आले असते.

आता माझं भांडण. आज इतकी वर्षं झाली, कॅनडात मिसिसागाला कोणाकडेही जेवायला गेलो, गणपतीत चार लोक जमले, की नवरा सांगतो, आमची आंटी म्हणाली होती कुत्र्याच्या वर्षात होईल आणि बघा झालं. लोक माना डोलावतात. मी तिथे काही बोलत नाही, पण इथे बोलणार. मी १९८८ची, ड्रॅगन. आंटीच्याच हिशेबाने ड्रॅगन आणि कुत्रा चोंग आहेत, समोरासमोर, अगदी तुमच्या उंदीर-घोड्यासारखे. म्हणजे २०१८ हे माझं सगळ्यात वाईट वर्ष, आणि त्याच वर्षी माझ्या नावावर काम झालं. आणि जे २०१७ आम्ही वाया घालवलं, कोंबड्याचं, त्याची लिऊ-हे जोडी कोणाशी आहे माहितीये? ड्रॅगनशी. चिनी ज्योतिष मानायचंच होतं तरी २०१७मध्ये बायकोच्या नावाने अर्ज टाका हेच उत्तर निघत होतं. पण माझं वर्ष कोणी विचारलंच नाही. आंटीनेही नाही, कारण अर्ज ‘साहेबांचा’ होता. तेव्हा श्रेय द्यायचं तर माझ्या आयईएलटीएसला द्या, पहाटे साडेचारला उठून केलेल्या त्या निबंधांना द्या.

आणि त्या वर्षाची किंमत लागली. २०१९च्या मे महिन्यात उतरलो, सहा महिने धडपडून मला एका लॅबमध्ये कॉन्ट्रॅक्ट मिळालं, मार्च २०२०ला लॉकडाउन झालं आणि पहिले कॉन्ट्रॅक्टवाले गेले. माझ्याबरोबरची जी मुलगी एक वर्ष आधी आली होती ती तोवर पर्मनंट झाली होती, ती राहिली. मी परत लॅबमध्ये शिरेपर्यंत दोन वर्षं गेली.

आता तुमचं. पहिली गोष्ट, प्रोफाइल टाकली की वय गोठत नाही. पूलमध्ये बसलेलं असताना वाढदिवस आला की मार्क आपोआप कमी होतात, इन्व्हिटेशन आल्यावर मात्र तेव्हाचं वय धरतात. तुम्ही बायकोसकट अर्ज करताय, म्हणजे २९ला वयाचे १००, नोव्हेंबरमध्ये ९५, मग दर वर्षी पाच. दुसरी गोष्ट, तुमच्या मित्राने अर्धंच सांगितलंय. २०२७ बोकडाचं, आणि उंदीर-बोकड ही ‘हाय’ जोडी आहे, एकमेकांना अपाय करणारी. म्हणजे तेही वर्ष तुमचं नाही. चांगलं म्हणाल तर २०२८, माकडाचं, तोवर आयईएलटीएसची दोन वर्षं संपून ते बाद झालेलं असेल आणि वयाचे दहा मार्क गेलेले असतील. आणि तिसरी, जी वाचून मी उठून बसले, तुमची बायको १९९८ची म्हणजे वाघ. वाघ, घोडा, कुत्रा हे एका त्रिकुटातले, घोड्याचं वर्ष वाघाला उत्तम मानतात. वर परदेशगमनाचा जो तारा ते बघतात, यी-मा, प्रवासाचा घोडा, तो उंदराच्या माणसाचा कुठे असतो? वाघात. विचारा मित्राला.

मी हे ज्योतिष खरं म्हणून सांगत नाहीये. १३ फेब्रुवारी २०२१ला, बैलाच्या वर्षाच्या दुसऱ्याच दिवशी, कॅनडाने एका ड्रॉमध्ये २७,३३२ लोकांना बोलावलं, कटऑफ ७५, कॅनडातल्या नोकरीचा अनुभव असलेल्यांसाठी. बैलाच्या विरोधात बोकड, म्हणजे १९९१ला जन्मलेले, तेव्हा साधारण तिशीचे, त्या गर्दीत ते किती असतील विचार करा. त्यांच्यातल्या ज्यांनी वर्ष बरं नाही म्हणून प्रोफाइल काढून ठेवली असेल त्यांचं काय झालं असेल.

मन मानतच नसेल तर दिवस निवडा, वर्ष नका निवडू. त्यांच्या कॅलेंडरमध्ये ‘चेंग’ आणि ‘काय’ असे दिवस येतात, सिद्धीचा आणि उघडण्याचा, बारा दिवसांच्या चक्रात असतात म्हणून फार थांबावं लागत नाही, ‘पो’चा म्हणजे मोडण्याचा टाळा. त्यात कोणाचं नुकसान नाही, आपणही अमावस्या टाळतोच. फक्त लवकरातला लवकर घ्या, कारण दोन उमेदवारांचा स्कोअर सारखा झाला तर ज्याची प्रोफाइल आधी गेली त्याला घेतात, सेकंदापर्यंतची वेळ बघतात, तीसुद्धा यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेची.

हो, एक राहिलं, माझा अनुभव २०१८चा आहे. २०२३पासून कॅटेगरीप्रमाणे ड्रॉ निघतात, फ्रेंचवाल्यांचा वेगळा, हेल्थकेअरचा वेगळा, आणि २०२५च्या मार्चपासून जॉब ऑफरचे मार्क काढून टाकलेत, त्यामुळे माझे कटऑफचे आकडे धरून बसू नका. तुम्हाला इन्व्हिटेशन येईलच असंही मी म्हणत नाही, स्कोअर तुम्ही लिहिलेलाच नाही. वाट बघायचीच असेल तर त्या काळात फ्रेंच शिका, त्याचे ५० पर्यंत जादा मार्क मिळू शकतात.

आणि नवरा-बायको दोघांच्या दोन वेगळ्या प्रोफाइल एकाच वेळी पूलमध्ये चालतात, मुख्य अर्जदार होण्याची पात्रता मात्र दोघांची हवी. आज रात्री जेवणं झाली की बायकोला शेजारी बसवा आणि तिच्या नावाने कॅल्क्युलेटर भरून बघा. जो आकडा येईल तो इथे खाली लिहा, मी बघते.