जर्नलचं पान पुन्हा पुन्हा का फाडलं जातंय?

प्रश्न : माझी मुलगी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दहावीला ९७ टक्के, बारावीला ९४. आता एकही सबमिशन वेळेवर होत नाही. जराशी खाडाखोड झाली की जर्नलचं पान फाडते, रात्रभर नव्याने लिहिते आणि शेवटी देतच नाही. एका विषयात बॅकलॉग लागलाय. आळशी झाली की शाखाच चुकली?
– एक आई, नंदनवन, नागपूर

उत्तर : ताई, तेच पान रात्र जागून पुन्हा लिहिणारी मुलगी आळशी कशी असेल? ती घाबरली आहे. जर्नल दिलं की सर त्यात चूक काढणार, आणि चूक निघाली की आपण हुशार उरणार नाही, असं तिच्या मनाने घेतलंय. न दिलेल्या जर्नलमध्ये निदान चूक तरी निघत नाही!

पॉल हेविट आणि गॉर्डन फ्लेट या मानसशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये परिपूर्णतेच्या अशा अट्टाहासाचे तीन प्रकार मांडले. स्वतःकडून परिपूर्णतेची अपेक्षा, इतरांकडून अपेक्षा, आणि ‘माझ्यात काही कमी राहिलं तर लोक मला स्वीकारणार नाहीत’ ही समजूत. नैराश्य आणि चिंतेशी या तिसऱ्या प्रकाराचं नातं फार जवळचं आहे. तुमच्या मुलीची भीती मला याच जातीची वाटते.

ही समजूत रागावण्यातूनच येते असं नाही, कौतुकातूनही येते. १९९८ मध्ये क्लॉडिया म्युलर आणि कॅरोल ड्वेक यांनी पाचवीच्या मुलांवर प्रयोग केले. ‘हुशार आहेस’ असं ऐकलेली मुलं अपयश येताच लवकर खचली. मेहनतीचं कौतुक झालेली चिकटून राहिली. तुमच्या पत्रात टक्के आहेत, बॅकलॉग आहे, पण तिला कोणता विषय आवडतो ते कुठेच नाही. तुम्हाला दोष देत नाही. बारावीपर्यंत आपल्याकडे सगळं घरच मार्कांभोवती फिरतं, नातेवाईकही तेवढंच विचारतात.

शाखेचा विचार आत्ता नको. भीती तशीच असेल तर दुसऱ्या शाखेतही पानं फाटतील. पुढचं एक जर्नल खाडाखोडीसकट जमा करायचं, एवढंच तिच्याशी ठरवा. चुकलेल्या ओळीवर रेघ मारायची, बाजूला बरोबर लिहायचं, पान फाडायचं नाही. त्या दिवशी घरी आल्यावर शेरा काय मिळाला हे विचारू नका. जमा केलंस, बरं झालं, एवढं म्हणा आणि जेवायला वाढा.

झोप आणि जेवण बिघडलं असेल, ती ‘माझा काही उपयोग नाही’ असं बोलत असेल, तर थांबू नका. नागपुरातल्या मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, मानसोपचार विभागात दाखवा किंवा टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतून बोला.