वाचकांचे प्रश्न : सगळ्यांना लस न देता देवी गेली कशी?

प्रश्न : डॉ. विलियम फेगी यांनी देवीची लस मोजक्याच लोकांना देऊन साथ थांबवली, असे वाचले. हे शक्य कसे झाले?

उत्तर : डिसेंबर १९६६मध्ये पूर्व नायजेरियात देवीची साथ आली, तेव्हा फेगींकडे सर्वांना पुरेल इतकी लस नव्हती. त्यांनी मिशनऱ्यांच्या रेडिओवरून गावोगावचे रुग्ण शोधले आणि रुग्णांभोवतीच्या लोकांनाच लस टोचली. साथ आटोपली.

यामागचे कारण रोगातच आहे. संसर्गानंतर लक्षणे दिसायला साधारण १२ दिवस लागतात आणि पुरळ येण्याआधी रोगी सहसा रोग पसरवत नाही. शिवाय संसर्गानंतर तीन-चार दिवसांत दिलेली लसही बहुधा वाचवते. म्हणजे रुग्ण लवकर सापडला, तर पुढची साखळी तोडायला वेळ मिळतो. उशीर झाला की मात्र रोग लस टोचलेल्या लोकांच्या वर्तुळाबाहेर गेलेला असतो. म्हणून खरी मेहनत टोचण्यापेक्षा शोधण्यात होती. १९७३पासून भारतात घरोघर शोधमोहिमा झाल्या. कार्यकर्ते देवी आलेल्या मुलाचे चित्र दाखवून विचारत, ‘असे कोणी पाहिले का?’ रुग्णाच्या दारात पहारेकरी बसवत.

टोचायला दोन टोकांची सुई असे. तिच्या फटीत लसीचा नेमका थेंब राहतो. दंडावर एकाच जागी १५ वेळा टोचायचे, रक्ताचा किंचित अंश दिसला पाहिजे. त्वचा स्पिरिटने पुसली आणि ते वाळले नाही, तर लसीतला जिवंत विषाणू मरतो. आठवड्याने फोड दिसला नाही, तर पुन्हा टोचायचे.

फेगी १९७७मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेचे संचालक झाले. त्याच वर्षी सोमालियात नैसर्गिक संसर्गाचा शेवटचा रुग्ण सापडला.