नको म्हणता आलं पाहिजे

प्रिय पोरी,

सप्रेम सलाम.

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. नर्सिंगचा निकाल लागला, धडगावच्या बाजूला जायचं नक्की झालं, आई दोन दिवस बोलली नाही आणि तिसऱ्या दिवशी तिनेच चादरी काढून ठेवल्या, हे सगळं वाचून बरं वाटलं. आईची काळजी करू नकोस. मी एकदा जाऊन येईन.

सोबत काय न्यावं, असं विचारलं आहेस. रबरी बूट ने, पावसाळ्यात सातपुड्यातल्या वाटांवर चपला टिकत नाहीत. टॉर्च ने. दोनशे पानी जाड वही ने. सुवार्तेची पत्रकं न्यावीत का, असंही विचारलंस. पहिल्या वर्षी नेऊ नकोस. का, ते सांगायला पत्र लांबवावं लागणार आहे.

मी त्या भागात गेलो तेव्हा तुझ्याहून दोनच वर्षांनी मोठा होतो. दवाखान्यात कंपाउंडर आणि रविवारी उपासनेत पेटीवर. एकदा एक पावरा आदिवासी बाप तापाने फणफणलेला मुलगा खांद्यावर टाकून चार तास चालत आला. मलेरिया मेंदूत गेला होता. तीन रात्री आम्ही पोराच्या उशाशी बसून होतो. पोर वाचलं. आम्ही प्रार्थनाही केली होती, बापाच्या समोर, मोठ्याने, मराठीतून. महिनाभराने तो बाप आपणहून उपासनेला आला. मग बायको आली. पाळकांनी विचारलं तेव्हा हो म्हणाला. बाप्तिस्मा झाला आणि मी अहवालात लिहिलं: एक कुटुंब, पाच माणसं.

दिवाळीनंतर त्याच्या पाड्यावर गेलो, तर अंगणात कळंबाच्या फांद्या आणून ठेवलेल्या. इंदलचा, म्हणजे त्यांच्या जुन्या देवपूजेचा, नवस फेडायची तयारी चालली होती. मला राग आला. पाच माणसांच्या देखत मी त्याला बोललो, आणि काय बोललो ते लिहायची आज लाज वाटते. तो ओशाळला. मला खाट टाकली, पाणी दिलं आणि म्हणाला, "दादा, पोर तुम्ही वाचवलं. तुम्हाला नाही कसं म्हणायचं?"

मी मोजली होती ती पाच माणसं फक्त भिडेला पडली होती.

चाळीस वर्षं झाली, त्या बापाचं वाक्य माझ्या मागे आहे. तुझ्याकडे तिथे काय काय असेल याची जरा उजळणी कर. औषधं असतील. रात्री-बेरात्री निघणारी जीप असेल. तहसीलच्या कागदावरची मराठी तुला वाचता येते, जातीच्या दाखल्याचा अर्ज भरता येतो, तालुक्याच्या डॉक्टरशी फोनवर बरोबरीने बोलता येतं. तू कितीही नम्र असलीस तरी एवढं सगळं हातात असलेल्या माणसाला नाही म्हणणं गरिबाला परवडत नाही. त्यातून हे लोक पाहुण्याचा मान राखणारे. म्हणून त्यांच्या होकाराने हुरळून जाण्याआधी बघ, त्यांना तुला नकार देता येतो का. घरात बोलावलं नाही, गोळी घेतली नाही, प्रार्थनेला आले नाहीत, तरी उद्या तू तितक्याच तत्परतेने येशील, हे त्यांना अनुभवाने कळायला वेळ लागतो. माझ्या हिशेबाने दोन पावसाळे तरी.

या कामाचा इतिहास तू वाचणारच आहेस, तर तोही याच नजरेने वाच. लॉरेन आणि सॅविज हे दोघे तरुण इंग्रज मिशनरी 11 जानेवारी 1894 ला मिझो डोंगरांत, म्हणजे आजच्या मिझोरममध्ये, पोचले. लोकांना त्यांचं कोडं पडलं. सरकारी साहेब नाहीत, व्यापारी नाहीत, मग आले कशाला? मिझो त्यांना भटके साहेब म्हणायचे. दोघांनी भाषा शिकून रोमन अक्षरांत तिची लिपी बसवली, शाळा काढली, लूक, योहान आणि प्रेषितांची कृत्ये भाषांतरित केली आणि 1897 च्या शेवटी ते निघून गेले. पहिले दोन बाप्तिस्मे झाले 1899 साली, दुसऱ्या मिशनऱ्यांच्या वेळी. चार वर्षांच्या अहवालात आकड्याच्या जागी शून्य! आज आपल्याकडची एखादी समिती असती तर दुसऱ्याच वर्षी पैसे थांबवले असते. पुढे दोघे परत आले, आणि लॉरेन यांनी आयुष्यभर गोळा केलेल्या शब्दांचा मोठा कोश 1940 साली छापला गेला. मिझोरममध्ये 2011 च्या जनगणनेत साक्षरता 91 टक्क्यांवर आहे. तिची सुरुवात त्या शून्याच्या वर्षांत आहे.

पण मला त्याहून जवळची वाटते ती मेघालयातल्या खासी डोंगरातली गोष्ट, कारण तिचा शेवट मिशनला नको असलेला आहे. थॉमस जोन्स हा वेल्समधला मिशनरी 1841 साली चेरापुंजीला, म्हणजे सोहराला, आला. त्याच्याआधी बंगालमधल्या सेरामपूरच्या मिशनऱ्यांनी खासी भाषा बंगाली लिपीत लिहून पाहिली होती, ती काही रुजली नाही. जोन्सने रोमन अक्षरं घेतली आणि स्पेलिंगं आपल्या वेल्शच्या वळणाने बसवली. सुतारकामही शिकवलं. पुढे तिथल्या एका बड्या इंग्रज व्यापाऱ्याच्या जुलमाविरुद्ध तो उभा राहिला. मिशनशीही त्याचं बिनसलं. तो मिशनमधून बाहेर पडला आणि 1849 साली कलकत्त्यात मलेरियाने गेला. आता मेघालयात 22 जून हा त्याच्या नावाचा दिवस पाळतात, पण तेव्हा तो एकटाच होता.

आता पुढचं बघ. त्याच लिपीत लिहितावाचता येणारी खासी माणसं तयार झाली. त्यांतल्या जीबोन रॉय यांनी 1896 साली छापखाना काढला आणि खासींच्या स्वतःच्या धर्माची, रीतिरिवाजांची पुस्तकं छापली. 1899 साली सोळा खासी तरुणांनी सेंग खासी ही संस्था स्थापली, आपला धर्म आणि आपली ओळख राखण्यासाठी. मिशनऱ्याने दिलेल्या अक्षरांतच त्यांनी मिशनला 'नाही' असं लिहून कळवलं. पुष्कळ ख्रिस्ती मंडळींना हा पराभव वाटतो. मला विचारशील तर जोन्सचं काम तिथे पुरं झालं. त्या डोंगरात आज जो खासी ख्रिस्ती आहे त्याच्या शेजारी ख्रिस्ती नसलेला खासीही ताठ मानेने उभा आहे, म्हणून पहिल्याच्या होकाराला किंमत आहे. हे मत तुझ्या पाळकांना पटेलच असं नाही. त्यांच्याशी वाद घालू नकोस, माझं नाव सांग.

नागपूरचे हिस्लॉप तुला कॉलेजच्या पाटीवरून माहीत असतील. 1845 साली नागपूरला आलेला हा स्कॉटिश मिशनरी गोंडांच्या एका परधानाकडून, म्हणजे त्यांच्या भाटाकडून, लिंगो या त्यांच्या देवपुरुषाची लांबच लांब गाणी ऐकून शब्दन् शब्द उतरवून घेत बसला. 1863 च्या सप्टेंबरात टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून रात्री घोड्यावरून परतताना नाल्याच्या पुरात तो बुडाला. त्याची टिपणं 1866 मध्ये रिचर्ड टेंपलने छापली. गोंडांनी त्याचा धर्म घेतला नाही म्हणून त्याने त्यांची गाणी ऐकणं थांबवलं नाही. तुला जाड वही न्यायला सांगितली ती यासाठी. गाणी, झाडांची नावं, दुखण्यांची नावं, नातेवाईकांची नावं लिही. पोटात दुखण्याला त्यांच्या बोलीत चार शब्द असतील आणि चारींची औषधं वेगळी असतील. परिचारिकेला याहून उपयोगी अभ्यास नाही.

आता दवाखान्याचं. गोळी आणि प्रार्थना एका हाताने देऊ नकोस. नंदुरबारकडे सिकलसेल फार आहे. त्या मुलांना फॉलिक अॅसिड आणि इतर औषधं महिन्याच्या महिन्याला, वर्षानुवर्षं लागतात. असा रोगी जन्मभर तुझ्या दारात येणार. त्याने तुझा देव मानला नाही तरी गोळी मिळते, हे पहिल्याच खेपेला त्याला कळू दे. कोणी आपणहून प्रार्थना कर म्हणालं तर जरूर कर, हळू आवाजात आणि थोडक्यात. एरवी आपल्या प्रभूने सांगितलंय तसं खोलीत जाऊन दार लावून घे. रुग्णाला तिथे ऐकवायची गरज नाही.

नियोगी समितीचा अहवालही वाच. 1954 साली मध्य प्रदेश सरकारने, राजधानी नागपूर असतानाच्या मध्य प्रदेशाने, नागपूर हायकोर्टाच्या निवृत्त मुख्य न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली ती मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करायला नेमली. 1956 चा हा अहवाल आपल्या लोकांना झोंबतो. मलाही तो बऱ्याच जागी एकांगी वाटतो. पण शाळा, दवाखाना, कर्ज यांच्या आडून माणसं ओढली जातात हा आरोप वाचताना मला ती खाट आणि तो पाण्याचा तांब्या दिसतो, आणि मी अहवाल मिटून ठेवू शकत नाही.

कायद्याचंही भान ठेव. नर्मदेच्या पलीकडे मध्य प्रदेश आणि गुजरात, दोन्हीकडे धर्मांतराचे कायदे आहेत, आणि पाड्यावरची सोयरीक राज्याची हद्द बघून होत नाही. धर्माचा प्रचार करण्याच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 1977 सालीच म्हटलं आहे. कायद्याला घाबरून वागायला मी सांगत नाही. तो नसता तरी मी हेच लिहिलं असतं.

तू त्या अमेरिकन तरुणाबद्दल विचारलंस, 2018 मध्ये अंदमानातल्या उत्तर सेंटिनेल बेटावर सुवार्ता सांगायला जाऊन मारला गेला त्याच्याबद्दल. त्याचं धाडस मी नाकारत नाही. पण त्या बेटावरच्या लोकांनी बाणांनी नको म्हटलं होतं, आणि त्याच्या अंगावरचा साधा सर्दीचा जंतूसुद्धा त्यांना संपवू शकला असता. तू परिचारिका आहेस, तुला यापुढे सांगायला नको.

अजून एक, ढोलाविषयी. मिझो मंडळीत सुरुवातीला ढोल वर्ज्य होता, जुन्या देवांचा आणि दारूच्या मेजवान्यांचा म्हणून. 1919 च्या सुमाराला जागृतीची लाट आली तेव्हा लोकांनीच तो परत आणला आणि आता ढोलावाचून त्यांची उपासना होत नाही. आपल्याकडे कवी ना. वा. टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर अभंग आणि कीर्तन सोडलं असतं, तर आपण आज देवळात काय म्हटलं असतं? पावऱ्यांचा होळीचा ढोल तू ऐकशील. उभ्या माणसाच्या छातीत घुमतो. त्याचं काय करायचं हे ठरवणं तुझ्याकडे नाही, पाळकांकडेही नाही. कोणी तुला विचारलं तर तसंच सांग.

शहाद्याहून धडगावच्या एस.टी.ला खिडकीची जागा धर. घाटात तुला मळमळतं हे मला माहीत आहे, लिंबू जवळ ठेव. पहिल्या पत्रात दवाखान्यात किती रोगी आले ते लिहू नकोस. तिथे 'नको'ला काय म्हणतात ते लिही. आठ वर्षं राहून मला तो शब्द कोणी शिकवला नाही, आणि मीही विचारला नाही.

तुझा,
काका